‘समज देऊन सोडलं’, मग नोंद कुठं?

वाचकांचे प्रश्न : शाळा, पोलीस आणि आकडे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या बऱ्याच पत्रांचा सूर एकच होता. शाळेत काहीतरी घडलं, पोलीस आले, पोराला नेलं आणि पुढं काय झालं ते कुठंच लिहिलेलं नाही. म्हणून या वेळचं सदर याच विषयाला दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील पत्रांतून काढले आहेत.

माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिथं शाळांनी किती विद्यार्थी पोलिसांकडं सोपवले, कितींना अटक झाली, हे सरकार शाळावार जाहीर करतं म्हणे. कोल्हापूर जिल्ह्याचा असा आकडा कुठं पाहायला मिळेल? (पालक, राजारामपुरी)

कुठंच नाही. तो का नाही, हे मात्र समजून घेण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या शिक्षण खात्यातलं नागरी हक्क कार्यालय १९६८ पासून शाळांकडून माहिती गोळा करतं. साधारण दर दोन वर्षांनी सगळ्या सरकारी शाळांना ती भरावीच लागते. त्यात आपल्या विषयाचे दोन रकाने आहेत. पहिला पोलिसांकडं सोपवल्याचा. शाळेच्या आवारात, शाळेच्या कार्यक्रमात किंवा शाळेच्या बसमध्ये घडलेल्या गोष्टीबद्दल पोलिसांना कळवलं की ती नोंद झाली, मग पोलिसांनी पुढं काही करो वा न करो. दुसरा अटकेचा. प्रत्येक अटक पहिल्या रकान्यातही मोजलेली असते, म्हणून दोन आकड्यांची बेरीज करायची नसते. आपल्याकडचे लेख नेमके इथंच चुकतात. २०१७-१८ मध्ये पहिला आकडा सुमारे २ लाख ३० हजार होता आणि दुसरा सुमारे ५४ हजार. कृष्णवर्णीय मुलं पटावर साधारण १५ टक्के, पण पोलिसांकडं सोपवलेल्यांत सुमारे २९ टक्के होती. ही तफावत दिसावी म्हणूनच हा सगळा खटाटोप आहे. २०२०-२१ चे आकडे एकदम ६१,९०० आणि ८,९०० वर आले, पण ते वर्ष शाळा बंद असण्याचं होतं. तिथली मुलं सुधारली असा त्याचा अर्थ नाही.

तिथलं सगळं छान आहे असंही समजू नका. विद्यार्थ्यांना जखडून किंवा कोंडून ठेवण्याचे आकडे याच पद्धतीनं गोळा होतात. २०१५-१६ चे हे आकडे तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी तपासले, तेव्हा १७ हजारांवर शालेय जिल्ह्यांपैकी ७० टक्क्यांनी शून्य लिहिलेलं आढळलं. काही घडलं नाही म्हणून शून्य, मोजलं नाही म्हणून शून्य आणि सांगायचं नाही म्हणून शून्य, हे तिन्ही कागदावर सारखेच दिसतात.

आता आपल्याकडं वळू. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल निघतो. त्यात विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकांचं वेगळं प्रकरण असतं. राज्यवार तक्ते असतात, आणि २० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महानगरांचे निराळे. आपल्या राज्यातून मुंबई, पुणे आणि नागपूर त्यात येतात, कोल्हापूर नाही. ताब्यात घेतलेल्या मुलांच्या शिक्षणाचा तक्ताही असतो, पण तो फक्त मूल कितवीपर्यंत शिकलं एवढंच सांगतो. त्या दिवशी ते शाळेत होतं का, तक्रार शाळेनं केली का, घटना वर्गात घडली की रंकाळ्यावर, यातलं काहीही त्यातून कळत नाही. दुसरीकडं शाळा दरवर्षी यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीची, माहिती भरतात. त्यात पट, वर्गखोल्या, शौचालयं, शिक्षक सगळं असतं, पण पोलिसांना कळवल्याचा रकाना नसतो.

खरी मेख आणखी खोलवर आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ खालच्या नियमांनुसार मुलावरचा आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा (किमान शिक्षा ७ वर्षं किंवा जास्त) असेल किंवा गुन्हा प्रौढांसोबत केल्याचा आरोप असेल, तरच एफआयआर नोंदवायचा. बाकी किरकोळ आणि गंभीर प्रकरणांत ठाणे दैनंदिनीत, म्हणजे स्टेशन डायरीत नोंद घ्यायची, मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल करायचा आणि तो बाल न्याय मंडळाकडं पाठवायचा. मुलाच्या नावावर गुन्ह्याचा शिक्का बसू नये म्हणून केलेली ही सोय योग्यच आहे. पण अहवालातले आकडे मुख्यतः नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात, त्यामुळं डायरीतल्या प्रकरणांना त्यात जागा मिळत नाही. आणि डायरीतही न लिहिलेली प्रकरणं असतात. ‘पोराला ठाण्यात बसवलं, समज देऊन सोडलं’ हे वाक्य कोल्हापुरातल्या प्रत्येक पेठेत ऐकू येईल, सरकारी तक्त्यात मात्र ते कधीच सापडणार नाही.

दहावीच्या दोन मुलांची मारामारी झाली, एकाच्या डोक्याला तीन टाके पडले. संस्थाचालक म्हणतात पोलिसांना कळवू नका, जखमी मुलाचे पालक म्हणतात कळवाच. मुख्याध्यापकानं कायद्यानं केव्हा कळवावंच लागतं? (मुख्याध्यापक, करवीर तालुका)

सर, कळवणं सक्तीचं असलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत, पण त्यांत सूट मिळत नाही.

पहिली गोष्ट लैंगिक अत्याचार. पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, असा गुन्हा घडल्याचं कळलेल्या किंवा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कोणत्याही व्यक्तीनं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. आरोपी त्याच वर्गातला असला तरीही. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला १ वर्षापर्यंत. ‘आधी आमची समिती चौकशी करील, मग बघू’ हे इथं चालत नाही. ऑगस्ट २०२४ मधल्या बदलापूर प्रकरणानंतर शालेय शिक्षण विभागानं काढलेल्या शासन निर्णयानुसार अशी घटना २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांनाही कळवायची असते. शिक्षणाधिकाऱ्यांना कळवलं म्हणून पोलिसांना कळवण्याचं काम संपत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

दुसरी गोष्ट रॅगिंग. शाळेला वसतिगृह किंवा कनिष्ठ महाविद्यालय जोडलेलं असेल तर महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा नजरेआड करू नका. लेखी तक्रार आल्यावर ७ दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळलं तर विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडं पाठवायची. टाळाटाळ केली तर प्रमुखानंच चिथावणी दिली असं धरलं जाऊ शकतं. खून, दरोडा असल्या गुन्ह्यांची खबर देणं तर प्रत्येक नागरिकावरच बंधनकारक आहे.

तुमची मारामारी यांपैकी कशातच बसत नाही. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) खाली येते. शिक्षा १ वर्षापर्यंत आणि गुन्हा अदखलपात्र. बाल न्यायाच्या हिशेबात तो किरकोळ. करकटक किंवा ब्लेड वापरलं असेल तर कलम ११८(१) लागतं. त्याची शिक्षा ३ वर्षांपर्यंत, म्हणजे तेही किरकोळच. पण हाड मोडलं किंवा दात पडला तर दुखापत ‘गंभीर’ ठरते आणि प्रकरण वरच्या वर्गात जातं. म्हणून कुणी रक्त बघून घाबरतं म्हणून किंवा रक्त नाही म्हणून ठरवू नका. डॉक्टरांचा कागद बघा.

टाके घातले असतील तर पोलिसांना तुमच्याआधी दवाखान्यातूनच कळलेलं असण्याची शक्यता मोठी. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, मूल नेलं आणि ‘मारामारीत लागलं’ असं सांगितलं, की वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंद होते आणि तिथल्या चौकीला कळतं. संस्थेची अब्रू वाचवायला ‘जिन्यावरून पडला’ असं सांगायला लावणारे महाभाग आहेत. आठवड्यानं पालक ठाण्यात गेले की दवाखान्याचा कागद एक बोलतो आणि शाळेचा दुसरंच, आणि मग मुलांच्या भांडणापेक्षा मुख्याध्यापकाची चौकशी मोठी होऊन बसते.

कळवायचं ठरलं तर ओळखीच्या हवालदाराला फोन करू नका. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, हुद्दा सहायक उपनिरीक्षक किंवा वरचा. त्यालाच साध्या वेशात बोलवा. त्याआधी दोन्ही घरी फोन करा आणि फोनची वेळ लिहून ठेवा. पोलीस मुलाशी बोलतील तेव्हा वर्ग बघणार नाही अशी खोली द्या आणि पालक येईपर्यंत एक शिक्षक तिथं बसवा.

आणि त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी नव्हे, नोंद करा. काय घडलं, किती वाजता, कुणी पाहिलं, काय उपचार केले, कुणाला कळवलं आणि कळवायचा निर्णय कुणाचा, हे सगळं त्यात हवं. शेवटची बाब बहुतेक नोंदवह्यांत नसते, नंतर वाद मात्र तिच्यावरूनच होतो. शाळेच्या कॅमेऱ्याचं चित्रण त्याच संध्याकाळी पेनड्राइव्हवर काढून सीलबंद ठेवा. साठवण भरली की यंत्र जुनं चित्रण आपोआप पुसतं.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. दोन्ही पालकांना बोलावून ‘स्वखुशीनं दाखला काढत आहोत’ असं लिहून घेणं. पहिली ते आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायदा स्पष्ट आहे. पुढच्या वर्गांना ही युक्ती सर्रास चालते. पोलिसांकडंही नोंद नाही, शाळेतून काढल्याचीही नाही, फक्त पट एकानं कमी.

माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला मोबाईलवरच्या स्टेटसवरून शाळेतूनच ठाण्यात नेलं. संध्याकाळी सातला माफीनामा लिहून घेऊन ‘समज देऊन’ सोडलं. हातात एक चिठोरंसुद्धा नाही. आता हे संपलं म्हणायचं का? (एक आई, शहरातील पेठेतून)

ताई, जून २०२३ मध्ये स्टेटसवरूनच शहर बंद झालं होतं. तेव्हापासून अशा बाबतीत शाळा आणि पोलीस दोघंही लवकर हलतात, हे समजण्यासारखं आहे. पण घाई झाली म्हणून नियम बदलत नाहीत.

मुलाला ताब्यात घेतलं तर ते विशेष बाल पोलीस पथकाच्या किंवा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याच्या स्वाधीन करायचं असतं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यायचं असतं. कोठडीत ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पालकांना कळवावं लागतं आणि चौकशीच्या वेळी त्यांना हजर राहता येतं. कोणत्याही जबाबावर मुलाची सही घ्यायची नसते. तेव्हा तो माफीनामा कसला होता, हा पहिला प्रश्न.

आज रात्री बसून तारीखवार लिहून काढा. शाळेतून किती वाजता नेलं, कुणी नेलं, गाडी कसली होती, तुम्हाला फोन किती वाजता आला, ठाण्यात मुलाला कुठं बसवलं, अंगावर हात टाकला का, काय लिहून घेतलं. मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्या आणि तेवढंच लिहा. मार लागला असेल तर लगेच सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घ्या. वळ दोन-तीन दिवसांत फिके पडतात.

मग ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यांना एक साधा अर्ज द्या. त्या दिवशीची स्टेशन डायरीतली नोंद क्रमांकासह, बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि माफीनाम्याची प्रत मागा. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा. त्याच अर्जात ठाण्यातलं कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवावं असंही लिहा. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्ये दिलेल्या आदेशाप्रमाणे ठाण्यांमधलं चित्रण १८ महिने ठेवायचं आहे, ते जमत नसेल तर निदान १ वर्ष.

नोंद असेल तर प्रकरण मंडळाकडं गेलं का ते विचारा. नोंदच नसेल तर ‘नोंद नाही’ हे लेखी उत्तरही तुमच्या कामाचं आहे. कारण मग संध्याकाळपर्यंत मुलाला ठाण्यात कशाच्या आधारे बसवलं, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. मुलांना वकील मोफत मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा क्रमांक आहे.

तालमीतल्या एखाद्या कार्यकर्त्याला मध्ये घालून ‘मिटवून टाका’ असं कुणी सुचवेल. आपल्याकडं ते पहिल्यांदा सुचतंच. मिटतं खरं, पण नोंदीशिवाय. पुढच्या वेळी तोच अधिकारी ‘हा आधीही एकदा आणला होता’ असं म्हणतो, आणि ते खोडून काढायला तुमच्या हातात कागद नसतो.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवलंय की दरवर्षी किती वेळा पोलिसांना कळवलं ते पालकसभेत मांडायचं. तक्ता कसा असावा? (समिती सदस्य, गगनबावडा)

ठराव चांगला आहे. पण तुमच्या तालुक्याचं नाव वाचून आम्ही थोडे थबकलो. कारण शेवटी सांगतो.

पहिलं ठरवा ते मोजायचं काय. पाच मुलांची एकच मारामारी झाली आणि तुम्ही ठाण्याला एकच फोन केला, तर घटना १, मुलं ५, कळवणं १. पोलिसांनी त्यातली ३ मुलं ठाण्यात नेली, त्यातल्या एकाचं प्रकरण मंडळाकडं गेलं, तर आणखी दोन रकाने झाले. हे पाचही आकडे वेगवेगळे ठेवा. एकाच आकड्यात कोंबले की यंदाचे ५ आणि गेल्या वर्षीचे २ यांची तुलना करताना कुणी मुलं मोजलीत आणि कुणी फोन, ते कळायला मार्ग राहत नाही.

मग काय मोजायचं नाही ते लिहा. निर्भया पथक व्याख्यानाला आलं, पोलीसकाका मुलांशी बोलून गेले, हे पोलिसांना कळवणं नव्हे. मूल हरवलं म्हणून किंवा मुलावर अन्याय झाला म्हणून पोलीस बोलावले, तर ती वेगळी ओळ, कारण तिथं मूल आरोपी नाही. आणि ‘समज देऊन सोडलं’ हा स्वतंत्र रकाना ठेवाच. बाकीच्यांचा काही ना काही माग सरकारी कागदांत लागू शकतो. हा फक्त तुमच्याकडंच असेल.

वर्ष जून ते मे धरा आणि तसं तक्त्यावर लिहा, कारण पोलिसांचे आकडे जानेवारी ते डिसेंबर असतात आणि दोन्ही शेजारी ठेवले की घोळ होतो. काही घडलं नसेल तर ० लिहा, माहिती ठेवलेली नसेल तर ‘नोंद नाही’ लिहा. रकाना रिकामा सोडू नका. शाळाशाळांची तुलना करायची तर पटावर हजारी, म्हणजे दर हजार मुलांमागं किती, ते काढा. ४०० पटाच्या शाळेत २ मुलं म्हणजे हजारी ५, २४०० पटाच्या शाळेत ६ मुलं म्हणजे हजारी २.५. नुसता आकडा पाहिला तर दुसरी शाळा बदनाम होते.

आता थबकलो त्याचं कारण. बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ मुलाचं नाव, पत्ता आणि *शाळा* किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शाळा हा शब्द कायद्यातच आहे. अमेरिकेसारखा शाळावार तक्ता इथं जसाच्या तसा उचलता येत नाही, तो यामुळं. राजारामपुरीतल्या तीन हजार पटाच्या शाळेनं ‘यंदा ९’ म्हटलं तर कुणाचं नाव कळत नाही. गगनबावड्यात नववीला अठरा मुलं, आणि तुम्ही ‘नववी, मुलगा, १’ असं लिहिलं, तर ते नाव छापल्यासारखंच आहे.

म्हणून वर्ग, मुलगा-मुलगी, जात, धर्म असे तुकडे पाडू नका. ५ पेक्षा कमी आकडा असेल तर ‘५ पेक्षा कमी’ एवढंच लिहा, किंवा तीन वर्षांची बेरीज द्या. तुमच्यासारख्या लहान शाळांनी आपल्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहातल्या, सगळ्या शाळांचा मिळून एक तक्ता करणं आम्हाला सगळ्यांत बरं वाटतं.

आकडा झाकताना आणखी एक फसगत होते. समजा (आकडे कल्पित आहेत) करवीर १४, कागल ७, गगनबावडा ‘५ पेक्षा कमी’ आणि एकूण २२ असं छापलं. वजाबाकी करणाऱ्याला गगनबावडा १ हे अर्ध्या मिनिटात कळतं. एक घर झाकलं की दुसरंही एक झाकावं लागतं, नाहीतर बेरीज काढून टाकावी लागते. जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांचा तक्ता कुणी करणार असेल तर त्यानं हे आधी पाहावं.

जिल्ह्याची माहिती माहिती अधिकारात मागितली तर मिळेल का? एकदा मागितली होती, ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं. (पत्रकारितेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

ते उत्तर पुष्कळदा कायद्यात बसतं, म्हणून तर ते इतकं लोकप्रिय आहे. माहिती अधिकारी हातात असलेली माहिती द्यायला बांधील आहे, तुमच्यासाठी नवा तक्ता तयार करायला नाही. मग कायद्यानं आधीच तयार होणारे कागद मागायचे.

असा एक कागद फार थोड्यांना माहीत आहे. बाल न्याय अधिनियमाच्या कलम १६ नुसार मंडळानं आपल्याकडच्या प्रलंबित प्रकरणांची माहिती दर तिमाहीला मुख्य न्यायदंडाधिकारी आणि जिल्हाधिकारी यांना द्यायची असते. म्हणजे वर्षाची चार विवरणं जिल्हाधिकारी कार्यालयात असायला हवीत. नसतील तर तीच तुमची बातमी.

अर्ज तीन करा आणि तिन्ही वेगळे ठेवा: पोलीस अधीक्षक कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक). महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. तीन विषय घातलेला अर्ज पहिल्याच फेरीत परत येतो. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, प्रतींना पानाला २ रुपये. अधीक्षक कार्यालयाच्या अर्जातला मजकूर साधारण असा ठेवा:

‘१ जून २०२४ ते ३१ मे २०२५ या काळात जिल्ह्यातील प्रत्येक पोलीस ठाण्यातून बाल न्याय मंडळाकडे पाठवलेल्या सामाजिक पार्श्वभूमी अहवालांची ठाणेनिहाय संख्या. त्याच काळात १८ वर्षांखालील मुलांविरुद्ध नोंदवलेल्या एफआयआरची ठाणेनिहाय संख्या. प्रत्येक ठाण्यातील बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचे पदनाम व नियुक्ती आदेशाची प्रत. कोणत्याही बालकाचे नाव, पत्ता वा शाळा मागितलेली नाही.’

शेवटचं वाक्य गाळू नका. त्यानं वैयक्तिक माहितीचं कारण पुढं करून नकार देण्याची वाट अर्धी बंद होते. ‘तपासात अडथळा येईल’ असं उत्तर आलं तर अपिलात एवढंच लिहा की संख्येनं कुठलाही तपास अडत नाही. ‘का’, ‘कशामुळे’, ‘कारवाई का केली नाही’ असले प्रश्न अर्जात नकोत, त्यांना उत्तर देणं बंधनकारक नाही.

उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडं, शुल्क २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडं. तिथं तारीख लागायला वेळ लागतो, तेव्हा प्रबंध या वर्षी द्यायचा असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. त्यापेक्षा ‘संकलित नाही’ असं उत्तर आलेल्या बाबींसाठी अभिलेख पाहण्याची परवानगी मागा. पाहण्याचा पहिला तास फुकट असतो. मुलांची नावं असलेले रजिस्टर ते दाखवणार नाहीत आणि दाखवूही नये, पण आवक-जावक नोंदवहीतून मंडळाकडं किती लखोटे गेले ते मोजता येतं.

आमच्या गल्लीच्या ग्रुपवर शाळेच्या नावासह एका मुलाच्या ‘अटकेची’ बातमी फिरतेय. अ‍ॅडमिन म्हणून माझी काही जबाबदारी? (कसबा बावडा)

पोस्ट काढा आणि पुढं पाठवू नका. वर सांगितलेलं कलम ७४ फक्त वर्तमानपत्रांपुरतं नाही, संपर्काच्या कोणत्याही माध्यमाला ते लागू आहे. नाव झाकून शाळा, इयत्ता आणि गल्ली सांगणं हेही त्यातच येतं. आणि मुलांच्या बाबतीत कायदा ‘अटक’ हा शब्द वापरत नाही, ‘ताब्यात घेणं’ म्हणतो.

पोलीस मुलाच्या वयाचा दाखला मागायला येतात. काय द्यायचं? (लिपिक, माध्यमिक विद्यालय, हातकणंगले)

लेखी पत्र घ्या आणि जनरल रजिस्टरचा उतारा द्या, रजिस्टर नंबर, प्रवेशाची तारीख आणि मुख्याध्यापकांची सही-शिक्का यांसह. वय ठरवताना कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा बोर्डाचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. तोही नसेल तरच वैद्यकीय चाचणी. म्हणजे पोरगा बाल न्याय मंडळापुढं जाणार की प्रौढांच्या न्यायालयात, हे तुमच्या एका ओळीवर ठरू शकतं. वय घटनेच्या दिवशीचं धरतात, आजचं नव्हे.

तोंडी सांगू नका, आणि रजिस्टरात खाडाखोड असेल तर ती तशीच दाखवा. दुरुस्तीचा आदेश असेल तर त्याची प्रत जोडा. एके काळी प्रवेशासाठी वय बसावं म्हणून गुरुजींनी १ जून टाकून दिलेल्या जन्मतारखा घराघरांत आहेत. हल्लीच्या मुलांत ते कमी झालं असलं, तरी रजिस्टर आणि ग्रामपंचायतीचा दाखला यांत फरक दिसला तर गप्प बसू नका. दोन्हींतला फरक उताऱ्यासोबतच्या पत्रात नमूद करा. कोणतं खरं ते मंडळ ठरवील. हजेरी मागितली तर त्या दिवसापुरती द्या, बाकी मुलांची नावं झाकून. मुलाच्या वागणुकीबद्दल ‘आधीपासूनच उनाड’ वगैरे शेरे कुणी मागितलेले नसतात. ते लिहू नका.

मुलगा सैन्यभरतीची तयारी करतोय. दोन वर्षांपूर्वी, पंधराव्या वर्षी, चोरीच्या मोबाईलवरून त्याचं प्रकरण मंडळाकडं गेलं होतं आणि मिटलं. पोलीस पडताळणीत ते येईल का? (वडील, गडहिंग्लज)

यायला नको. कलम २४ प्रमाणे बालपणीच्या अशा प्रकरणामुळं कोणतीही अपात्रता चिकटत नाही. १६ वर्षांवरच्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा बाल न्यायालयानं प्रौढासारखा चालवला असेल तरच अपवाद. चोरीच्या मोबाईलचं प्रकरण त्यात बसत नाही. कलम ७४ पोलिसांना स्पष्ट सांगतं की बंद किंवा निकाली झालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी उघड करायची नाही. ‘निकाली’ हा शब्द मात्र नीट पाहा. पुष्कळ घरांत ‘मिटलं’ म्हणजे ‘पुन्हा बोलावलं नाही’ एवढंच असतं. किरकोळ गुन्ह्याची चौकशी ४ महिन्यांत आणि वाढवून मिळालेल्या २ महिन्यांतही संपली नाही, तर कार्यवाही संपुष्टात येते, पण तसा आदेश झालेला असायला हवा.

मंडळात अर्ज करून अंतिम आदेशाची प्रमाणित प्रत आत्ताच घ्या, भरतीचा फॉर्म भरायच्या आधी. दोषी ठरवणारी नोंद अपिलाची मुदत किंवा ७ वर्षं एवढाच काळ ठेवून नंतर नष्ट करायची असते, तेव्हा उशीर केला तर प्रत मिळणारही नाही. फॉर्ममध्ये ‘कधी अटक झाली होती का’ असा रकाना असेल तर मित्रांना विचारून भरू नका. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला आदेश दाखवा आणि उत्तराचे शब्द त्यांच्याकडून ठरवून घ्या. आदेशाची प्रत भरतीच्या कागदांबरोबर जोडायची नाही. ती घरी वेगळ्या फायलीत ठेवा.